अनेकवचन

लेखकाने स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करावा, ही मराठी निबंधाची जुनी रीत. तिच्यात थोडा रुबाब असतो, आणि थोडा आडोसाही असतो. ‘मी’ म्हटले की माणूस एकदम उघड्यावर येतो. ‘आम्ही’ म्हटले की पाठीशी चार माणसे उभी असल्याचा भास होतो. सरकारी नोकरीत तर ह्या आडोशाची सवयच जडते. ‘असे ठरविण्यात आले आहे’, ‘असे कळविण्यात येते’ अशी वाक्ये लिहिता लिहिता ठरविणारा कोण आणि कळविणारा कोण, ह्याचा लिहिणाऱ्यालाच विसर पडतो. आम्हीही गेली सव्वीस वर्षे ह्या व्याकरणात सुखाने नांदत होतो. परंतु उजव्या पायाची नडगी मोडल्यापासून आमचे हे ‘आम्ही’ निव्वळ रीतीचे राहिले नाही. ते खरोखरच अनेकवचनी झाले. एकाच अंगरख्यात दोन माणसे राहू लागली, आणि त्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटेना.

हकिकत थोडकी आहे. आमची नेमणूक चंडीगढला. ल कॉर्ब्युझिए ह्या वास्तुशिल्पज्ञाने १९५१ साली ह्या शहराची आखणी हाती घेतली, तेव्हा रस्त्यांचे त्यांच्या कामाप्रमाणे आणि वेगाप्रमाणे सात प्रकार पाडले. सायकलींची स्वतंत्र वाट हा आठवा प्रकार मागाहून त्यांत आला. वेगवेगळ्या वेगाच्या माणसांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये, हा त्या योजनेतला हेतू आम्हांला फार आवडे. पुण्याच्या रस्त्यांवर लहानपण घालविलेल्या माणसाला झाडांच्या सावलीतली अशी सरळ वाट म्हणजे पेन्शनीच्या आधीच मिळालेली पेन्शन वाटली. आम्ही लुधियान्याच्या बनावटीची एक काळी सायकल घेतली आणि कचेरीत तिच्यावरून जाऊ लागलो. परंतु वाटा कितीही वेगळ्या आखल्या तरी चौक सर्वांचा एकच असतो. २०२३ च्या डिसेंबरातल्या एका सकाळी, उत्तरेकडे पडते तसे दाट धुके पडले असता, एका गोल चौकातून वळणाऱ्या मोटारीने आम्हांला मागून उडविले. मोटार क्षणभर थबकली. तिचे तांबडे दिवे धुक्यात दोन निखाऱ्यांसारखे दिसले, आणि मग ते विझत गेले. पोलिसांच्या कागदात तिचे नाव ‘अज्ञात वाहन’ असे आहे. ते आजतागायत तसेच आहे.

मोटार आणि सायकल ह्यांचे हे वैर जुने आहे. अमेरिकेतला नोंदलेला पहिला मोटार-अपघात म्हणून जो सांगितला जातो, तो ३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्क येथे घडला. त्यात मोटारीखाली सापडली ती सायकलवर बसलेली एव्हलिन थॉमस नावाची बाई, आणि मोडला तो तिचा पाय. म्हणजे मोटार रस्त्यावर आली न आली तोच तिने पहिला मोहरा हेरला तो सायकलस्वाराचा. आपल्याकडचे आकडे तर आपणां नोकरदारांना तोंडपाठ असावयास हरकत नाही. २०२२ ह्या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. असले तक्ते आम्ही आयुष्यभर वाचले आणि तयारही केले. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात ‘जखमी’ ह्या रकान्याच्या अगदी शेवटच्या अंकात आम्ही स्वतः बसलेले आहो, ही जाणीव मात्र विलक्षण होती. रकान्यातला माणूस आतून कसा दिसतो, हे तेव्हा कळले.

आम्हांला उचलले ते एका सायकलरिक्षावाल्याने. त्याने प्रथम पाय ओढू दिला नाही. जवळच्या चहाच्या टपरीवरून खोक्याची एक फळी मागून घेतली, ती पायाखाली सारली आणि आपल्या गमछ्याने वरखाली बांधून टाकली. सुश्रुताने मोडलेल्या हाडासाठी झाडांच्या साली आणि बांबू ह्यांच्या पट्ट्या बांधावयास सांगितल्या आहेत. त्या मनुष्याने सुश्रुताचे नावही ऐकलेले नसेल. परंतु विद्या त्याच्या हातात होती. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टराने ती फळी पाहून “हे कुणी बांधले?” असे दोनदा विचारले. वाटभर तो रिक्षावाला मागे वळून वळून म्हणत होता, “बाबूजी, आँख खुली रखिए। बस, पहुँच गए।” आम्ही त्याची पाठ पाहत होतो. थंडीत त्याच्या सदऱ्यातून वाफ निघत होती.

रुग्णालयाच्या दाराशी येताच तो निघून जावयाची घाई करू लागला. पोलीस, जबाब, तारखा ह्यांचे भय गरिबाला अपघाताहून अधिक असते. वास्तविक २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांना संरक्षण देणाऱ्या सूचनांवर शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम त्याचसाठी घालण्यात आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. तिथल्या परिचारिकेने त्याला हे समजावून सांगितले. त्यावर त्याने मान हलविली, आणि नाव न सांगण्याचा आपला हक्क तत्काळ बजावून तो नाहीसा झाला.

शस्त्रक्रिया झाली. नडगीच्या पोकळीतून एक लांब सळई घालून हाड सांधले. ही युक्ती क्युंचर नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १९३९–४० च्या सुमारास प्रचारात आणली. युद्धातून सुटून आलेल्या कैद्यांच्या मांडीच्या हाडात सळया पाहून दोस्तांचे डॉक्टर चकित झाले होते, असे म्हणतात. आम्हांला चकित केले ते निराळ्याच गोष्टीने. हाड हे आम्ही शरीरातले लाकूडफाटे समजत होतो. पण ते जिवंत असते. मोडल्या जागी प्रथम रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ जोड धरतो. मग त्यात चुना भरून तो टणक होतो. त्यानंतर कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे, ते हाड स्वतःलाच तासून पूर्वीचा आकार घेत राहते. कातडी भरून आली तरी वण ठेवते. हाड नीट जुळले तर तेथे पुन्हा हाडच होते. आपल्याच देहात इतका शहाणा कारागीर पन्नास वर्षे बिनपगारी राबत होता, आणि आमची त्याच्याशी ओळखही नव्हती!

सहा आठवडे आम्ही खाटेवर होतो. परमुलखात नोकरी करणाऱ्यांची एक खूण असते: त्यांच्या घरातल्या निदान दोन ट्रंका कधीच पुऱ्या उघडलेल्या नसतात. शेजाऱ्यांशी नमस्कार असतो, पण घरोबा नसतो. कारण घरोबा जमेपर्यंत बदलीचा हुकूम येतो. आमचेही तसेच होते. चार वर्षांत समोरच्या घरातल्या बीजींशी आमचे बोलणे ‘सत श्री अकाल’ ह्यापलीकडे गेले नव्हते. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी त्या पितळेचा डबा घेऊन आल्या आणि सौ.ला बाजूला सारून सरळ आमच्या खाटेशी बसल्या. डब्यात पंजिरी होती. कणीक, तूप, डिंक आणि सुकामेवा. “हड्डी जुड़ जाएगी, पुत्तर,” त्या म्हणाल्या. ज्या वयात कचेरीतली मुले आम्हांला आडून ‘म्हातारा’ म्हणतात, त्या वयात कुणाचे ‘पुत्तर’ व्हावयास मिळणे ही चैन होती.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून आईने पाठविलेले पार्सल आले. त्यात डिंकाचे लाडू होते, आणि लिफाफ्यात वाळविलेल्या हाडसांधीच्या वेलाचे तुकडे. फोनवर आईचा एकच प्रश्न असे: “तिकडं तुझं करतंय कोण, बाळ?” तिच्या मनात पंजाब म्हणजे पानिपताच्या पलीकडचा काहीतरी प्रकार होता. आम्ही तिला बीजींचे नाव सांगितले. दोघींना एकमेकींची भाषा येत नसता सौ.ने एकदा त्यांचे फोनवर बोलणे करून दिले. दहा मिनिटे दोघी आपापल्या भाषेत बोलल्या. फोन ठेवल्यावर बीजी म्हणाल्या, “तुझी आई फार समजूतदार आहे.” रात्री आईचा पुन्हा फोन: “बाई शहाणी दिसते हो.” डिंक कोणत्या झाडाचा, ह्यावर दोघींचे एकमत झाले असावे.

असो. मोडलेल्या पायाचा मनुष्य अशा रीतीने बरा होत चालला. परंतु आमच्यातल्या दुसऱ्या माणसाकडे अद्याप कुणाचे लक्ष गेलेले नव्हते.

तो दुसरा मनुष्य प्रथम रात्री येऊ लागला. खाली रस्त्यावर एखादी मोटार वेगात वळली की तो दचकून उठे, आणि त्याच्या बरोबर आम्हांलाही उठावे लागे. अंग घामाने भिजलेले, छातीत धडधड. डोळ्यांपुढे तेच दोन तांबडे दिवे. दिवसा तो गप्प असे. मात्र बाहेर जावयाची गोष्ट निघाली की तो शंभर कारणे काढी. रुग्णालयात जाताना गाडीत तो सौ.चा हात इतका घट्ट धरी की तिच्या बांगड्या रुतत. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली, “अहो, आज मी बांगड्या काढूनच ठेवते.” त्या वाक्याने आम्हांला जितके लाजविले आणि जितके सावरले, तितके कुणाच्या उपदेशाने केले नाही.

ह्या दुसऱ्या माणसाची वंशावळही शोधता येते. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडात स्टेपलहर्स्टजवळ आगगाडी पुलावरून कोसळली. दहा माणसे ठार झाली. त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होता. त्याचा डबा कलंडून अधांतरी राहिला. त्याला फारशी इजा झाली नाही; उलट त्याने खाली उतरून जखमींना पाणी आणि ब्रँडी पाजली, आणि मग पुन्हा डब्यात चढून आपल्या चालू कादंबरीचे हस्तलिखित काढून आणले. इतका हा धीराचा मनुष्य! परंतु त्यानंतर आगगाडीच्या प्रवासात त्याला मधूनच अकारण भीतीचे झटके येत. आणखी पाच वर्षांनी, नेमक्या ९ जूनलाच, तो मृत्यू पावला. १८६६ साली एरिक्सन नावाच्या शल्यविशारदाने आगगाडीच्या अपघातांतून वाचलेल्यांच्या अशा दुखण्यांवर ग्रंथ लिहिला. त्याला वाटले की पाठीच्या कण्याला हादरा बसल्याने हे होत असावे. आघातानंतरचा हा मानसिक विकार अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत दाखल झाला तो १९८० साली. म्हणजे मोडलेल्या हाडासाठी फळी सुश्रुताच्या काळापासून आहे. मोडलेल्या मनाच्या दुखण्याला नाव मिळावयास विसावे शतक संपत यावे लागले.

ह्या भीतीचे एक जुळे भावंड होते, ते म्हणजे राग. राग धरावयाला माणूस लागतो, आणि आमच्यापुढे होते ते ‘अज्ञात वाहन’. अशा वाहनाने गंभीर दुखापत केल्यास सरकारकडून पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना २०२२ पासून आहे, आणि तिचे कागद आम्ही यथासांग भरले. परंतु रागाचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा? आम्ही मनात त्या मोटारवाल्याला तोंड दिले, वय दिले, कपडे दिले. कधी तो बेफिकीर श्रीमंत पोर असे, कधी रात्रपाळी करून परतणारा झोपाळू चालक. एका रात्री तर तो स्वतःच रुग्णालयाकडे धावणारा कुणी बाप झाला, आणि आमची मोठी पंचाईत झाली. कारण त्याच्यावर नीट रागावता येईना. त्या रात्री, अपघातानंतर प्रथमच, आम्हांला सलग झोप लागली.

सहाव्या आठवड्यात अस्थितज्ज्ञांनी छायाचित्र पाहिले आणि म्हणाले, “आता पायावर भार द्या.” आम्ही दचकलो. मोडक्या वस्तूवर भार देऊ नये, हे आम्ही बालपणापासून ऐकले होते. ते हसून म्हणाले, “हाडाला भार लागतो. भार नसेल तर ते झिजते. थोडा द्या, रोज द्या, वाढवीत न्या.” युलियुस वोल्फ ह्या जर्मन वैद्याने १८९२ साली हाच नियम मांडला आहे: हाडावर जसा भार पडेल तसे ते आपली घडण बदलते. दुखण्याची भीती बाळगून पाय अधांतरी ठेवणाऱ्याचे हाड त्याच्या भीतीइतकेच पोकळ होत जाते.

ह्या वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. पुढे सौ.च्या आग्रहाने आम्ही एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी नेमके तेच सांगितले. पहिले काही दिवस फाटकाशी नुसते उभे राहा. मग रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसा. मग कोपऱ्यापर्यंत चाला. भीती वाटेल, वाटू द्या, आणि ती ओसरेपर्यंत तेथून हलू नका. भार थोडा, रोज, वाढता. दोन निरनिराळ्या खोल्यांत बसलेल्या दोन डॉक्टरांनी आमच्यातल्या दोन माणसांना एकच औषध लिहून दिले होते.

चालण्याचा भार वाढत वाढत एके दिवशी आम्ही, एक कुबडी काखेत घेऊन, नेकचंदांच्या रॉक गार्डनपर्यंत पोहोचलो. हे गृहस्थ आपल्याच बिरादरीतले: सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. फाळणीत गाव पाकिस्तानात राहिले, आणि हे नव्या राजधानीच्या कामावर लागले. दिवसा सरकारी काम करावे, आणि कामावरून सुटल्यावर शहराच्या बांधणीत निघालेला मोडका माल सायकलवर लादून जंगलात न्यावा, असे त्यांनी सुमारे अठरा वर्षे गुपचूप केले. फुटक्या कपबशा, तुटक्या बांगड्या, टाकाऊ फरशा ह्यांची माणसे, पाखरे, राजवाडे उभे केले. ही सारी बेकायदा वस्ती १९७५ च्या सुमारास सरकारच्या ध्यानात आली; पाडावी अशीही चर्चा झाली; आणि १९७६ साली ती सर्वांसाठी खुली झाली. तिथले दरवाजे मुद्दाम ठेंगणे आहेत, वाकल्यावाचून आत जाता येत नाही. कुबडी सावरीत आम्ही वाकलो. समोर फुटक्या बांगड्यांच्या झग्यातल्या बाया ओळीने उभ्या होत्या. त्या पुन्हा बांगड्या झालेल्या नव्हत्या. तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. आपण पूर्वीसारखे केव्हा होऊ, हा प्रश्न आम्ही त्या दिवसानंतर डॉक्टरांना विचारला नाही.

पुढचा भार आम्ही स्वतः निवडला. त्या चहाच्या टपरीवर जाऊन रिक्षावाल्याची चौकशी केली. तो गोंडा जिल्ह्याकडचा निघाला. आमच्याप्रमाणेच परमुलखात आलेला. फरक इतकाच की त्याला महागाई भत्ता नव्हता. चार महिने त्याने आमची सायकल टपरीच्या मागे साखळीने बांधून ठेवली होती. आम्ही पुढे केलेले पाकीट त्याने घेतले नाही. पुष्कळ आग्रहानंतर मुलीच्या वह्यापुस्तकांपुरते घेतले. सायकलकडे बोट करून म्हणाला, “बाबूजी, पहिया डोल रहा है। बाकी सब ठीक है।” मिस्त्रीकडे चाक नेले. आऊट काढणे हे काम किती नाजूक असते, हे त्या दिवशी प्रथम नीट पाहिले. मिस्त्री चाक फिरवी, एका बाजूचा स्पोक पाव आटा आवळी, समोरचा तितकाच सैल करी, पुन्हा फिरवी. एकदम जोर केला तर रिम कायमची जाते, असे तो म्हणाला. तासाभराने चाक सरळ फिरू लागले. अगदी बारकाईने पाहिले तर अजून किंचित डुलते. पण त्याने चालण्याला बाध येत नाही.

दरम्यान कचेरीत आमचे प्रमाणपत्र दाखल झाले होते: ‘कामावर रुजू होण्यास योग्य.’ दोघांपैकी कोण योग्य, हे त्यात लिहिलेले नव्हते. दुसऱ्याला योग्य व्हावयास पुढे वर्ष लागले. आता तो रात्री क्वचित उठतो. दाट धुके असले की आम्ही त्याचे ऐकतो आणि बसने जातो. एरवी तो आमचे ऐकतो आणि सायकलवर मागे बसतो. पहिल्याने दुसऱ्याला भित्रा म्हणावयाचे नाही, आणि दुसऱ्याने पहिल्याला वेडा म्हणावयाचे नाही, असा आमच्यात तह झालेला आहे. पुष्कळ सुखी संसार ह्याहून लहान तहावर चाललेले आम्ही पाहिले आहेत.

राहता राहिला बदलीचा अर्ज. अपघातानंतर पुण्याच्या आप्तांनी एकच धोशा लावला होता की वैद्यकीय कारणावर बदली मागून घ्यावी आणि आपल्या माणसांत यावे. अर्ज टंकून तयार होता. ‘आपली माणसे’ ह्या दोन शब्दांपाशी आम्ही दर वेळी अडत असू. फळी बांधणारा, पंजिरी आणणारी, आऊट काढणारा, ह्यांना कोणत्या रकान्यात टाकावयाचे हे ठरेना. अर्ज अजून खणातच आहे. परमुलखात राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या खणांतही असे एखाद-दुसरे अर्ज असतील.

बदली यथाकाल होईलच. खात्याचा नियम तसा आहे. पायातली सळई काढावी काय, असे आम्ही परवा अस्थितज्ज्ञांना विचारले. त्रास देत नसेल तर राहू द्या, ते म्हणाले. तेव्हा ती राहणार. पुढच्या बदलीच्या वेळी सामानाची यादी करताना ट्रंका, भांडी, पुस्तके, सायकल असे सारे आम्ही क्रमाने लिहू. चंडीगढने दिलेली एवढी एक वस्तू मात्र यादीत दाखविता येणार नाही, आणि तिच्या वाहतुकीचा भत्ताही मागता येणार नाही. ती आमच्या बरोबर चालत येईल.